आधी बैल मोजा : टेक्सास क्रांतीच्या रसदीवर लिहिताना या चुका टाळा

टेक्सासात स्थायिक झालेल्या मराठी घरी भारतातून पाहुणे आले की एक शनिवार-रविवार सॅन अँटोनियोसाठी राखून ठेवलेला असतो. अलामो, म्हणजे १८३६ च्या लढाईचा जुना किल्ला, बघायचा, नदीकाठी हिंडायचं, जेवायचं आणि परत. मग कुणी मंडळाच्या अंकात लेख लिहितं, कुणी यूट्यूबवर व्हिडिओ टाकतं, आणि गोष्ट सगळीकडे एकच: मूठभर शूर, समोर अफाट फौज, शेवटच्या माणसापर्यंत झुंज. ही मूठभर माणसं खात काय होती, त्यांच्या तोफा कोण ओढत होतं, बंदुकीची दारू कुणाच्या उधारीवर येत होती, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठोकळेबाज मिळतं.

काळ आठवून घ्या. ऑक्टोबर १८३५ मध्ये गोन्झालेस गावात एका लहानशा तोफेवरून मेक्सिकोविरुद्धच्या बंडाची ठिणगी पडली आणि २१ एप्रिल १८३६ ला सॅन हसिंतोच्या मैदानात मेक्सिकोचा अध्यक्ष आणि सेनानी सांता आना याचा पराभव झाला. जेमतेम सात महिने. एवढ्या अवधीत, मेक्सिकोच्या एका विरळ वस्तीच्या सरहद्द प्रांतात, खजिना नसलेल्या आणि आपसात भांडणाऱ्या सरकारने स्वयंसेवकांची फौज पोसायची होती. ती कशीबशी पोसली गेली. पण जिथे जिथे गाडं अडलं, तिथे माल नव्हता म्हणून अडलं असं फार थोड्या वेळा दिसतं. बहुतेकदा माल कुठेतरी होता. तो ओढायला जनावर नव्हतं, किंवा तो कुणाच्या हुकमाने हलवायचा हे ठरलेलं नव्हतं. पुढच्या चुका वाचताना एवढं एक सूत्र हाताशी ठेवा.

‘त्यांच्याकडे काहीच नव्हतं’ असं लिहून मोकळं होणं

हे वाक्य लिहायला सोपं आणि ऐकायला भारी. पण १० ऑक्टोबर १८३५ च्या पहाटे बंडखोरांनी गोलियाडचा किल्ला घेतला, तेव्हा त्यांना सुमारे १०,००० डॉलर किमतीचा साठा मिळाला. बंदुका बऱ्याचशा मोडक्या निघाल्या, तरी धान्य, कापड आणि इतर सामान कामाला आलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोपानोच्या बंदरातून सॅन अँटोनियोत, म्हणजे तेव्हाच्या बेहारमध्ये, असलेल्या मेक्सिकन जनरल कोसकडे जाणारी वाट तुटली. डिसेंबरात कोस शरण आला त्यामागे रस्त्यावरच्या लढाईइतकाच या तुटलेल्या वाटेचाही हात होता.

आणि डिसेंबरात बेहार पडल्यावर बंडखोरांच्या हाती वीसेक तोफा आल्या. त्या भागातला तो सगळ्यात मोठा तोफखाना. तोफा आहेत आणि फौज मात्र उघडी पडते आहे, असं का? हा प्रश्न ‘काहीच नव्हतं’ म्हटल्यावर विचारताच येत नाही.

बंदुका मोजणं, बैल न मोजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लेखात रायफलींचे प्रकार येतात, तोफांची संख्या येते, नकाशावर बाण येतात. बैलांचा उल्लेख कुठेच नाही.

अलामोचंच बघा. जानेवारी १८३६ च्या मध्याला बंडखोरांच्या नियमित फौजेचा सेनापती सॅम ह्यूस्टन याच्या मनात होतं की बेहारची तटबंदी (अलामो हा तिथलाच किल्ला) पाडावी आणि तोफा मागे न्याव्यात. तिथला अधिकारी कर्नल नील याच्याकडे शंभरेक माणसं उरली होती. अंगावर धड कपडे नाहीत, पगार नाही, टेहळणीला घोडेही नाहीत. तोफा ओढायला बैल तर नव्हतेच. त्या तोफा तिथेच राहिल्या, आणि तोफा राहिल्या म्हणून किल्ला राखावा असं वाटणाऱ्यांच्या बाजूला वजन आलं. बाऊई तीसेक माणसं घेऊन आला, मग ट्रॅव्हिस तेवढीच माणसं घेऊन आला. पुढे सांता आनाचा वेढा पडला आणि मार्चात किल्ला पडला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बैलांच्या चार जोड्या वेळेवर मिळत्या तर काय झालं असतं, हा खेळ मी खेळणार नाही. पण अलामो ‘का राखला’ याची चर्चा फक्त शौर्य आणि हट्ट यांवर करणारा लेख अर्धाच असतो.

आता गोलियाडच्या किल्ल्यावरचा बंडखोर अधिकारी जेम्स फॅनिन. अलामोला वेढा पडल्याचं कळल्यावर २६ फेब्रुवारीला तो सुमारे ३२० माणसं आणि चार तोफा घेऊन मदतीला निघाला. किल्ल्यातून बाहेर पडून दोनशे यार्डांवर पोहोचतात तोच पहिली गाडी मोडली. नदी ओलांडायला एकेका तोफेला दुप्पट बैल जुंपावे लागले. रात्री मुक्काम पडला आणि बैल दावणीला न बांधता चरायला सोडले, ते सकाळी पांगलेले. मग मोजदाद झाली: अर्धं पिंप तांदूळ, थोडं सुकं मांस, भाकरीपुरतंही पीठ नाही, आणि तोफा ओढणारे बैल सोडले तर कापायला एकही जनावर नाही. अधिकाऱ्यांची बैठक बसली आणि सगळे परत फिरले. फॅनिनला भित्रा म्हणणाऱ्यांनी हा तपशील वाचूनच म्हणावं. तसं म्हणायला जागा उरतेच, कारण बैल बांधून न ठेवणं हा निष्काळजीपणाच होता. पण दीडशे किलोमीटरची वाट अशा गाड्यांवर तो कशी कापणार होता, हेही सांगावं लागेल.

तीन आठवड्यांनी त्याच माणसाची तीच चूक जिवावर बेतली. १९ मार्चला त्याने गोलियाड सोडलं. सोबत नऊ तोफा आणि सुमारे पाचशे जादा बंदुका. बैल उपाशी, गाड्या खचाखच. निघताना नेता येणार नाही तो साठा पेटवून दिला, त्यात सुकवलेलं मांसही जळलं. वाटेत बैलांना चारण्यासाठी उघड्या माळावर थांबले, तेव्हा लक्षात आलं की माणसांचं खाणं मागेच राहिलं. पुढे दारूगोळ्याची गाडी मोडली आणि कोलेटो ओढ्याची झाडी समोर दिसत असताना मेक्सिकन जनरल उर्रेयाच्या घोडदळाने माळावरच गाठलं. ओढा समोर, पण पाणी नाही. तोफेची नळी प्रत्येक बारानंतर ओल्या बोळ्याने पुसावी लागते. पाण्यावाचून तोफा तापून बंद पडत गेल्या. जखमींना द्यायलाही पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी शरणागती आणि २७ मार्चला, पाम संडेच्या सकाळी, कैद्यांची कत्तल.

नऊ तोफांऐवजी दोन घेतल्या असत्या तर? लिहिणाऱ्याने निदान प्रश्न तरी विचारावा. बंदुकांची संख्या फॅनिनकडे कधीच कमी नव्हती.

ह्यूस्टनलाही बैलांनी छळलं, फक्त त्याची गोष्ट विनोदी झाली. मार्चात गोन्झालेस सोडताना ओढायला जनावर नाही म्हणून त्याने तोफा नदीत ढकलून दिल्या होत्या. एप्रिलात नव्या तोफा आल्यावर पामेलिया मान नावाच्या बाईकडून बैलजोडी उसनी घेतली. फौज नॅकोगडोचेसच्या वाटेने जाणार असेल तरच बैल देते, अशी तिची अट होती. फाट्यावर फौज हॅरिसबर्गकडे वळली. बाई घोड्यावरून मागून आली, पिस्तुल बाळगून, आणि भर फौजेसमोर जुंपणी कापून आपले बैल घेऊन गेली. गाड्यांचा मुकादम बैल परत आणतो म्हणून तिच्यामागे गेला. तो परतला तो फाटक्या सदऱ्याने, बैलांशिवाय. हा किस्सा एका सैनिकाच्या आठवणींतला आहे, त्यात थोडं तिखटमीठ असेल. पण उसन्या बैलांवर चाललेली फौज कुणाच्या मर्जीवर चालते, हे त्यात नेमकं दिसतं.

स्वयंसेवकाला पगारी शिपाई समजणं

हा माणूस शिलेदार होता: स्वतःची रायफल, जमलं तर स्वतःचा घोडा, स्वतःचा अधिकारी मत देऊन निवडलेला, आणि नको वाटलं तर घरी. सरकारकडे पगाराला पैसे नव्हते, म्हणून जमिनीचं आमिष: दर तीन महिन्यांच्या चाकरीला ३२० एकर. जमीन भरपूर होती, पण आज रात्रीच्या जेवणाला तिचा उपयोग शून्य.

बेहारच्या वेढ्यात, १८३५ च्या नोव्हेंबरात, थंडी वाढली तशी माणसं घरी जाऊ लागली. बरेच जण उन्हाळी कपड्यांत आलेले. २१ नोव्हेंबरला बंडखोरांचा तेव्हाचा सेनापती स्टीफन ऑस्टिन याने हल्ल्याचा हुकूम दिला, तर बहुतेकांनी नकार दिला. सेनापतीला हुकूम मागे घ्यावा लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला वेढा उठवून हिवाळ्यासाठी गोलियाडला जायचं जवळजवळ ठरलं होतं. बेन मिलमने ‘माझ्याबरोबर कोण येतो’ म्हणून हाक दिली नसती तर ते झालंही असतं. म्हणजे ‘फौजेत इतकी माणसं होती’ असं लिहिताना कोणत्या आठवड्यात, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

अशा फौजेत काय पाठवायचं याइतकंच काय पाठवायचं नाही हेही महत्त्वाचं. ऑस्टिनने छावणीतून कळवलं होतं की देवाची शपथ, आता आणखी प्यायची दारू पाठवू नका. वाटेत असेल तर परत फिरवा, नाहीतर पिंपं फोडून टाका. गाडीत जागा कमी असताना त्या गाडीतून पिंपं येत होती! रसदीच्या इतिहासात हा हुकूम मला फार आवडतो.

शस्त्रांचं आणखी एक त्रांगडं होतं. प्रत्येकाची रायफल वेगळ्या मापाची, त्यामुळे तयार काडतुसांची पेटी पाठवून उपयोग नसायचा. शिसं आणि बंदुकीची दारू पाठवायची, आणि ज्याने त्याने आपापल्या साच्यात गोळ्या ओतायच्या. मेक्सिकन शिपायाकडे मात्र ब्रिटनकडून विकत घेतलेली जुनी ‘इंडिया पॅटर्न’ ब्राऊन बेस. ही घडण मुळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी बनलेली, आणि कंपनीच्या पलटणी आपल्याकडे मराठ्यांशी याच जातीच्या बंदुकांनी लढल्या. मराठी लेखकाला हा दुवा आयता मिळतो, तो सोडून कुणीतरी पानिपतात शिरतं आणि दाणावैरणीची तुलना सुरू करतं. नको. पानिपतावर फौजेच्या सोबत अख्खा बाजार चालत होता. इथे दोन गावांच्या मध्ये नुसता माळ होता.

शेवटी हुकमाचा घोळ. नोव्हेंबरात बसलेल्या सभेने ह्यूस्टनला सेनापती केलं, पण नियमित फौजेचा, आणि ती फौज जवळजवळ कागदावरच. बेहारच्या स्वयंसेवकांवर त्याचा अधिकार नाही. बंडखोर सरकारचा गव्हर्नर हेन्री स्मिथ आणि त्याच सरकारचं मंडळ, जनरल कौन्सिल, यांचं तर उघड वैर. या भांडणाचा फायदा घेऊन डॉ. जेम्स ग्रँट आणि फ्रँक जॉन्सन यांनी मेक्सिकोच्या मातामोरोस बंदरावर स्वारीचा बेत काढला आणि डिसेंबरअखेर बेहारमधली बहुतेक माणसं, कपडे, औषधं, घोडे उचलून नेले. नीलची उघडी पडलेली शंभर माणसं ही या लुटीनंतरची. ती लूट शत्रूने केलेली नव्हती. तेव्हा ‘सामान पुरलं नाही’ असं वाक्य लिहिताना कर्ता लिहा.

समुद्र विसरणं

सिनेमाने आपल्या डोक्यात माळरान आणि घोडे भरून ठेवलेत. या लढाईची शिदोरी मात्र न्यू ऑर्लिन्सहून शिडाच्या जहाजांनी येत होती. १३ ऑक्टोबर १८३५ ला तिथल्या बँक्स आर्केडमध्ये सभा झाली, वर्गणी जमली आणि ‘न्यू ऑर्लिन्स ग्रेज’च्या दोन तुकड्या उभ्या राहिल्या. नाव पडलं ते दुकानांतून घेतलेल्या तयार करड्या कपड्यांवरून. नॅकोगडोचेसचा व्यापारी अ‍ॅडॉल्फस स्टर्न याने पहिल्या पन्नास जणांना बंदुका द्यायचं कबूल केलं. टेक्सासच्या बाजूने न्यू ऑर्लिन्सला विल्यम ब्रायन खरेदी करायचा, किनाऱ्यावर मॅकिनी आणि विल्यम्स यांची पेढी माल उतरवायची आणि स्वतःच्या नावावर उधारी उभी करायची. सरकारची पत शून्य असताना व्यापाऱ्याची पत चालली, हे या क्रांतीचं एक न सांगितलं जाणारं अंग आहे.

अमेरिकेत १८१८ चा तटस्थतेचा कायदा होता, म्हणून कागदपत्रांत जरा कलाकुसर करावी लागे. सिनसिनाटीच्या नागरिकांनी दोन तोफा ओतवून दिल्या, त्या ‘पोकळ भांडी’ म्हणून रवाना झाल्या. ह्यूस्टनच्या छावणीत त्या ११ एप्रिलला पोहोचल्या, लढाईच्या दहा दिवस आधी. याच त्या ‘ट्विन सिस्टर्स’. तोफा आल्या, पण पुरेसे गोळे काही आले नाहीत. मग घोड्यांचे नाल आणि भंगार लोखंड तोडून तेच भरलं.

समुद्र दोघांचाही होता, हे दुसरं टोक. मेक्सिकन फौजेचं धान्यही मातामोरोसला जहाजानेच यायचं. टेक्सासच्या ‘इन्व्हिन्सिबल’ने एप्रिलच्या सुरुवातीला ‘पॉकेट’ हे अमेरिकी जहाज पकडलं. त्यातलं पीठ, तांदूळ, चरबी आणि बिस्किटं सांता आनाच्या फौजेकडे चालली होती, ती टेक्सासच्या पोटात गेली. जूनमध्ये तर आयझॅक बर्टनच्या घोडेस्वारांनी कोपानोच्या खाडीत एकामागून एक तीन जहाजं धरली, सुमारे २५,००० डॉलरचा माल. घोड्यावरून जहाजं पकडणारी ही मंडळी पुढे ‘हॉर्स मरीन्स’ म्हणून मिरवली. मात्र हे सॅन हसिंतोनंतरचं आहे. लढाईच्या आधी घुसडू नका. बऱ्याच ठिकाणी घुसडलेलं सापडतं.

धान्य कुणाच्या शेतातलं, हे न विचारणं

मार्चअखेर ते १२ एप्रिलच्या सुमारास ह्यूस्टनची फौज ब्राझोस नदीकाठी ग्रोस कुटुंबाच्या मळ्यासमोर तळ ठोकून होती. तिथे मका मिळाला, गोमांस मिळालं, घरातलं शिशाचं सामान वितळवून गोळ्या झाल्या. बहुतेक लेख इथे ग्रोस यांच्या औदार्याचं कौतुक करून पुढे जातात. ग्रोस हे टेक्सासातल्या सगळ्यात मोठ्या गुलाममालकांपैकी होते. तो मका पेरणारे, कापणारे आणि दळणारे हात गुलामांचे होते, त्यांना कुणी विचारून दिलेला नव्हता. मेक्सिकोने गुलामगिरीवर बंदी घातलेली असताना हे मळे चालत होते, हा त्या क्रांतीच्या कारणांचाच एक भाग आहे. औदार्याच्या परिच्छेदात हे एक वाक्य हवंच.

नदी ओलांडली तीही तिथेच कापूस भरत उभ्या असलेल्या ‘यलोस्टोन’ आगबोटीने. बोट अडकवून घेतली आणि खलाशांना जमीन कबूल केली.

दुसरे विसरलेले पुरवठादार म्हणजे तेहानो, टेक्सासचे मूळ मेक्सिकन रहिवासी. एरास्मो सेगीन यांच्या रँचवरून गुरं आणि धान्य बंडखोरांकडे गेलं. मुलगा हुआन सेगीन सॅन हसिंतोला आपली तुकडी घेऊन लढला. व्हिक्टोरियाच्या फर्नांदो दे लेओनने न्यू ऑर्लिन्सहून जहाजातून माल आणायचा प्रयत्न केला, त्यात तो पकडला गेला. लढाईनंतर यांतल्या अनेकांना संशयित ठरवून हाकललं गेलं. ‘अमेरिकन विरुद्ध मेक्सिकन’ अशी सोपी मांडणी करणाऱ्याला ही नावं अडचणीची वाटतात, म्हणून गळतात.

मेक्सिकन फौज पोटभर जेवत होती असं गृहीत धरणं

नव्हती. सांता आनाने भरमसाट व्याजाने कर्ज काढून मोहीम उभी केली आणि भर हिवाळ्यात वाळवंटी वाटेने आणली. शिपायांना अर्धा शिधा. गाडीवान आणि खेचरवाले भाड्याचे, संधी मिळाली की पसार. फेब्रुवारीच्या मध्याला हिमवादळात जनावरं मेली. उर्रेयाच्या तुकडीतले युकातानच्या उष्ण प्रदेशातून आणलेले माया शिपाई थंडीने गेले. २६ नोव्हेंबरच्या ‘गवताच्या लढाई’त बंडखोरांना वाटलं होतं की खेचरांच्या तांड्यावर कोसच्या फौजेच्या पगाराची चांदी आहे. गोण्या फोडल्या तर आत घोड्यांसाठी कापलेलं गवत. लोक हसतात आणि पुढे जातात, पण वेढ्यातल्या कोसला गवतासाठी जिवावर उदार होऊन माणसं बाहेर पाठवावी लागली, हा त्यातला खरा मजकूर.

हिशेब जुळत नसेल तर

अलामोत उपासमार झाली का, हा नेहमीचा प्रश्न. ट्रॅव्हिसच्या २४ फेब्रुवारीच्या प्रसिद्ध पत्राचा ताजा कलम वाचा, तो भाग बहुतेक जण छापतच नाहीत. शत्रू दिसला तेव्हा तीन बुशेलही मका नव्हता. नंतर ओस पडलेल्या घरांतून ८०-९० बुशेल मिळाला आणि २०-३० गुरं आत घेतली. सोललेल्या मक्याचा एक बुशेल साधारण २५ किलो. म्हणजे दोन टनांहून थोडा जास्त मका. बायकामुलं धरून दोनशे तोंडं आणि रोज माणशी पाऊण किलो धरलं तर चौदा दिवस. वेढा तेरा दिवस चालला. शिवाय मांस वेगळं. उपासमारीने अलामो पडला नाही, हे तुम्ही स्वतः पाटीवर मांडून दाखवू शकता.

एखाद्या तुकडीचा वेग अशक्य वाटत असेल तर सोबत गाड्या होत्या का ते बघा. बैलगाडी ताशी तीनेक किलोमीटर, तेही कोरड्या वाटेवर. १८३६ च्या एप्रिलात पाऊस आणि चिखल होता. सॅन हसिंतोनंतर माघारी जाणाऱ्या मेक्सिकन जनरल फिलिसोलाच्या फौजेने याच चिखलात गाड्या आणि तोफा गमावल्या.

एखादी वस्तू छावणीत ‘अचानक’ आली असेल तर ती कुणाची तरी हिसकावलेली आहे असं समजून शोध घ्या. २० एप्रिलला लिंचच्या तरीच्या, म्हणजे होडीने पलीकडे जायच्या, धक्क्याजवळ सांता आनाच्या माणसांनी लुटलेल्या पिठाची होडी ह्यूस्टनच्या हाती लागली; कित्येक दिवसांनी माणसांनी काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर भाजून खाल्ली. दुसऱ्या दिवशी लढाई झाली.

आणि घेतलेल्या मालाच्या पावत्या. मका, गुरं, घोडे, रायफली उचलताना लोकांना चिठ्ठी दिली जायची, आणि पुढे टेक्सास प्रजासत्ताकाकडे त्या चिठ्ठ्यांवर दावे दाखल झाले. ती कागदपत्रं टेक्सासच्या राज्य अभिलेखागारात ‘रिपब्लिक क्लेम्स’ या नावाने आहेत आणि घरबसल्या बघता येतात. फाइली माल देणाऱ्याच्या नावाने लावलेल्या आहेत, लढाईच्या नावाने नाहीत. ‘अलामो’ टाकून फारसं हाती लागणार नाही. सेगीन, ग्रोस, मॅकिनी अशी नावं टाका, आणि तेव्हाचे कारकून स्पॅनिश नावं कानाला येतील तशी लिहीत, म्हणून एकेक नाव तीन-चार स्पेलिंगांनी शोधा.